बुडातला ठिपका

‘अस्सल’ हा शब्द लिहून त्याने पेनाला टोपण लावले, कागद पालथा घातला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून तो पडदा सरकण्याची वाट पाहू लागला. परीक्षण मंडळाची पद्धत अशी होती : आधी जीभ, मग डोळा. बाटली पडद्याआड उघडायची, तिघा परीक्षकांच्या तीन पेल्यांत ओतायची, तिघांनी आपापल्या फळीआड बसून चव घ्यायची, शाईने मत लिहायचे आणि तिन्ही कागद पालथे पडल्याशिवाय बाटली कुणाच्याही दृष्टीस पडू द्यायची नाही. ही पद्धत त्यानेच घालून दिलेली होती. तीवर त्याने एकेकाळी नऊ पानी टिपण लिहिले होते आणि डोळा जिभेला लाच देतो, हे त्यातले वाक्य अजूनही मंडळाच्या पत्रकांवर छापले जात असे. चौकशा झाल्या, लिलाव रद्द झाले, नामांकित तळघरांतल्या जुन्या वाइनच्या निम्म्या बाटल्या बनावट निघाल्या, मोठ्या व्यापाऱ्यांनी एकमेकांच्या मालाला हात लावणे सोडले. त्या पडझडीनंतर या धंद्यात जो काही विश्वास उरला होता, तो या पालथ्या कागदांवर उरला होता. लोक आता बाटली विकत घेत नसत. बाटलीबरोबरचा दाखला विकत घेत, आणि एका उघडलेल्या बाटलीवरून साऱ्या पेटीचा दाखला निघे.

पडदा सरकला. रसायनवाली बाई (दुसरी परीक्षक; मंडळात तिला सगळे असेच म्हणत, तीही आता त्या नावाला ओ देई) भिंग आणि विजेरी घेऊन बाटलीवर वाकली आणि एकेक गोष्ट मोठ्याने सांगू लागली. लेबलचा कागद त्या काळचा. काच जुनी, हाताने फुंकलेली, बुडबुडे असलेली. बूच नीट आक्रसलेले. मग तिने ती अर्धी भरलेली बाटली, बुचावर अंगठा दाबून, हलकेच आडवी केली आणि बुडाच्या खोलगट वाटीत विजेरीचा झोत टाकला. “बुडात लाल ठिपका,” ती म्हणाली. “विकणाऱ्याच्या कागदांतही उल्लेख आहे. जुन्या तळघराची खूण असावी. पूर्वी करायचे तसं.”

“तळघर म्हणजे लग्नाचं स्थळ झालं की,” तिसरा परीक्षक म्हणाला. तो निवृत्त हॉटेलवाला होता. त्याला शांतता सोसत नसे. “कुंकू लावून पाठवलंय.”

ही पद्धत घालून देणारा तो ठिपका पाहायला उठला, तोही केवळ शिस्त म्हणून. ठिपका लाल नव्हता. डाळिंबी होता. आणि त्याला डावीकडे वळलेली एक बारीक शेपटी होती.

एखादी वस्तू ओळखू येते म्हणजे नेमके काय होते, याचा विचार करणे हाच त्याचा आयुष्यभराचा व्यवसाय होता. ओळख हळूहळू जमते, पुरावे गोळा होतात, शंका गळून पडतात, मग निर्णय उभा राहतो, असे तो शिकाऊ परीक्षकांना सांगत आला होता. इथे तसे काहीच झाले नाही. शेपटी दिसली आणि त्याच क्षणी त्याच्या पहिल्या घरातली ती अरुंद ओसरी, पाच बिऱ्हाडांची एकत्र मोरी आणि उकिडवी बसून भांडी पालथी घालणारी बायको त्याच्यासमोर उभी राहिली. तिथे भांडी इकडून तिकडे जात. शेजारणीकडे वाटी गेली की परत येताना दुसऱ्याच कुणाची येई. त्यावर बायकोने उपाय काढला होता : घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला नखांना लावायच्या रंगाचा एक ठिपका. डाळिंबी रंग, लग्नातली बाटली, नखांना कधी लागली नाही, सगळी भांड्यांनाच लागली. त्या दिवशी ओळीत एक रिकामी वाइनची बाटलीही होती, कारण बायकोने तीत पाणी घालून वेलीची फांदी लावायचे ठरवले होते, आणि तीही शेजारी जाण्याची शक्यता तिच्या मते नाकारता येत नव्हती. नुकती चालू लागलेली मुलगी मागून तिच्या कोपराला लोंबकळली. कुंचला घसरला. “बघा तुमच्या लेकीचं काम,” बायको म्हणाली होती, “स्वल्पविराम दिला हिनं.”

“एकमत,” मंडळाचे सचिव कागद उलटून म्हणाले. “तिघंही अस्सल.”

“असं एकमत आमच्या घरी चहातल्या साखरेवरसुद्धा होत नाही,” हॉटेलवाला म्हणाला.

“उद्या अकराला दाखला सीलबंद करू,” सचिव त्याच्याकडे वळून म्हणाले. “आणि हो, त्या व्यापाऱ्याच्या मुलीचं अपीलही उद्याच आहे. याच सालाच्या बाटल्या तिच्या. तुमचा जुना अभिप्राय जोडलाय, तुम्हाला वेगळं काही लिहावं लागणार नाही. आजच्या बाटलीमुळे उलट आपली बाजू पक्कीच झाली. अस्सल कशी लागते ते तरी आता कागदावर आहे.”

त्याने मान डोलावली. मान डोलावली जात असताना तिला कुणी थांबवत नाही, हे त्याच्या लक्षात आले.

घरी जाताना त्याने वाहन केले नाही. दुपारची उन्हे दुकानांच्या काचांवर आडवी पडली होती. एका कुलूपवाल्याच्या दुकानापुढे तो उगीचच थांबला आणि टांगलेल्या किल्ल्यांकडे पाहत राहिला. आपल्याला नेमके काय ठाऊक आहे, हे आधी ठरवले पाहिजे. बाटली तीच आहे. बावीस वर्षांपूर्वी ती त्याने स्वतः रिकामी केली होती, त्याला चव शिकवणाऱ्या मास्तरांबरोबर, प्रशिक्षणाच्या खोलीत, शिकाऊ परीक्षकाच्या आयुष्यात एकदाच उघडली जाते तशी ती मोठ्या मानाची बाटली. दुर्मिळ बाटली चाखून झाली की ती पत्र्याच्या पिंपात हातोडीने फोडायची आणि नोंदवहीत ‘फोडली’ असे लिहून दोघांनी सही करायची, हा नियम तेव्हाही होता, कारण बनावट माल बनवणाऱ्याला वाइनपेक्षा रिकामी अस्सल बाटली अधिक मोलाची असते. मास्तर पलीकडच्या खोलीत हात धुवायला गेले. त्याने हातोडी उचलली. काचेतून खिडकीचा उजेड हिरवट होऊन टेबलावर सांडला होता. त्याच्याने ते झाले नाही. इथवर त्याला स्वतःला क्षमा करता आली असती. पण पुढे त्याने जे केले त्यात हात डळमळल्याचे कोणतेही चिन्ह नव्हते : त्याने कोपऱ्यातली एक साधी, रोजच्या वाइनची रिकामी बाटली घेतली, पिंपात ठेवली आणि हातोडी मारली. आवाज झाला. मास्तर टॉवेलला हात पुसत आले, पिंपाकडे न पाहताच त्यांनी नोंदवहीत सही केली. ती मानाची बाटली त्याच्या पिशवीत होती.

घरात शिरल्या शिरल्या तो स्वयंपाकघरात गेला आणि मांडणीवरची भांडी एकेक करून उलटी करून पाहू लागला. नवी भांडी कोरी होती. वरच्या फळीवरच्या एका जुन्या स्टीलच्या डब्याच्या बुडाला ठिपका होता, कडा उडालेला, पण रंग तोच.

“काय शोधताय?” बायको दारात उभी होती. “भांडी पालथी घालायला माणूस ठेवलाय का मी?”

“ती बाटली आठवते तुला? वेल लावली होती ती.”

“तिचं काय आता?”

“कुठे गेली ती?”

“घर बदललं तेव्हा रद्दीवाल्याला दिली नाही का. तुम्हीच म्हणालात, किती सामान नेणार आहेस, काचा नकोत. मी म्हटलं होतं राहू दे.” ती डब्याकडे आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. “अहो, काय झालंय?”

“ती परत आली.”

“कोण?”

“बाटली. भरून.”

बायको खुर्चीवर बसली. तिने सगळे ऐकून घेतले. शेवटी ती म्हणाली, “मग सांगून टाका ना, खोटी आहे म्हणून. परत चाखली, मन बदललं म्हणा. तुमचं कोण नाही म्हणणार?”

हे तर त्यालाही वाटेत सुचले होते. मंडळाच्या नियमात गुलाबी दुरुस्तीपत्रकाची सोय होती. परीक्षकाला दाखला सीलबंद होईपर्यंत मत बदलता येई, फक्त कारण लिहावे लागे. पुनर्विचारांती चव संशयास्पद वाटते, एवढे चार शब्द. पेटी अडली असती, खरेदीदार वाचला असता, नोंदवहीतली जुनी सही कपाटातच राहिली असती, आणि त्याच्या जिभेची कीर्ती कमी होण्याऐवजी वाढली असती : पाहा, दोघांना जे कळले नाही ते त्याला दुसऱ्या दिवशी कळले. सगळे हेतू साधत होते. फक्त एक बाई मध्ये उभी होती.

व्यापाऱ्याची मुलगी. वडिलांच्या पश्चात दुकान चालवणारी, आखूड केसांची, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे पाहणारी. आठ महिन्यांपूर्वी तिने वडिलांच्या तळघरातल्या याच सालाच्या अकरा बाटल्या मंडळापुढे ठेवल्या होत्या. कागदपत्रे अपुरी होती, पण निकाल कागदांवर लागला नव्हता. त्याच्या जिभेवर लागला होता. त्याने लिहिले होते : या सालाच्या ज्ञात चवीशी मेळ नाही. परवाना निलंबित झाला. सुनावणीत तिने आवाज न चढवता विचारले होते, “ज्ञात म्हणजे कुणाला ज्ञात?” आणि त्याने, अर्थातच, आपल्या पुस्तिकेतला परिच्छेद वाचून दाखवला होता. ही पुस्तिका धंद्यात सगळे वापरत. वाळलेले अंजीर, पेन्सिलीला टोक काढताना पडणारा भुसा, बंद कपाटातली जुनी लोकर, शेवटी किंचित कडवट, संत्र्याच्या सालीसारखी रेघ. तो परिच्छेद त्याचा लाडका होता. त्याची लय साधायला त्याला दोन आठवडे लागले होते.

आणि आज सकाळी पेल्यात तेच होते. अंजीर होते, भुसा होता, लोकर होती आणि अगदी शेवटी, जिथे असायला हवी तिथे, सालीची रेघ होती. त्याच क्रमाने. आता, बायकोसमोर उभा असताना, त्या क्रमाची त्याला भीती वाटू लागली. कुठली वाइन एवढी आज्ञाधारक असते? कुठे तरी एखाद्या शेडमध्ये, चांगल्या प्रकाशात, एखादा हुशार माणूस त्याची पुस्तिका उघडी ठेवून बसला असेल आणि तरुण, स्वस्त वाइनींच्या मिश्रणात थेंब थेंब घालत एकेक शब्द जुळवत गेला असेल, जसे भाषांतरकार जुळवतो. मग सकाळी तो काय चाखत होता? स्वतःचे वाक्य. ते त्याला आवडले, यात आश्चर्य ते काय.

“मन बदललं असं लिहिलं,” तो बायकोला म्हणाला, “तर माझी जीभ खरी ठरते. माझी जीभ खरी ठरली की ती मुलगी खोटी ठरते.”

बायको डब्याचा ठिपका नखाने खरवडू लागली होती. त्याने तिचा हात धरला. “राहू दे,” तो म्हणाला.

“मास्तरांचीही सही आहे त्यावर,” ती म्हणाली. “त्यांना आधी विचारा. या वयात त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.”

मास्तर दोन गल्ल्या पलीकडे, मुलीच्या घरी, खिडकीशी ठेवलेल्या वेताच्या खुर्चीत बसून असत. तीन वर्षांपूर्वीच्या आजारात त्यांचा वास गेला होता. ज्या माणसाने हजारो बुचे नाकाशी धरली, त्याला आता गॅस उघडा राहिला तरी कळत नाही, असे त्यांची मुलगी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि ते ऐकताना मास्तरांच्या चेहऱ्यावर दुसऱ्या कुणाची हकिकत ऐकत असल्यासारखे कुतूहल असे. तो पोहोचला तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. खिडकीखाली मुली दोरीवरून उड्या मारत होत्या. त्याने बसल्याबरोबर सांगायला सुरुवात केली, कारण कुशल विचारले असते तर मग ते राहूनच गेले असते. हातोडीपाशी येऊन तो अडखळला.

“दुसरी फोडलीस,” मास्तर म्हणाले.

त्याला वाटले आपण चुकीचे ऐकले.

“अरे, जुनी काच जाड असते. तिचा आवाज बसका येतो. तुझा खळ्ळ आला. मी नळाखाली हात धरून उभा होतो, म्हटलं, गाढवानं रोजची फोडली.”

“मग सही का केलीत?”

मास्तर खाली दोरीकडे पाहत होते. “पहिली होती तुझी. वाटलं, ठेवली असेल आठवण म्हणून. आठवण काय कुणाला विकली जाते?” मग थोड्या वेळाने, “जाते म्हणा.”

इतकी वर्षे तो असे समजून चालला होता की मास्तरांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि त्याने तो मोडला. या समजुतीत दुःख होते, पण एक सुबकपणाही होता. अपराधी एक, फसवला गेलेला एक. आता मास्तरांनी तो सुबकपणा काढून घेतला. विश्वास नव्हताच. माया होती. आणि मायेने केलेली सही ही लबाडीने केलेल्या सहीइतकीच खोटी, हे तो आपल्या नऊ पानी टिपणात सहज सिद्ध करू शकला असता. मग उरलेल्या सह्यांचे काय? त्या वहीत अशा किती ओळी असतील, ज्यांत कुणी कुणाकडे पाहिले नव्हते? पुढे आलेली होलोग्रामची चिकटपट्टी, सीलबंद पेट्या, पालथे कागद, हे सारे त्या वहीच्या पायावरच तर उभे होते.

“उद्या सांगायचं म्हणतोय,” तो म्हणाला. “तुमचंही नाव येईल.”

“मी गेल्यावर सांगितलंस तर माझी सोय होईल.”

“अपील उद्याच आहे.”

“मग एवढी घाई मला जमायची नाही,” मास्तर म्हणाले आणि हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर त्यांनी विचारले, “त्या पोरीच्या बाटल्या कशा लागल्या होत्या?”

“मेळ नव्हता.”

“तुझ्या पुस्तकाशी नव्हता. ते राहू दे. कशा लागल्या?”

त्याने डोळे मिटले. परिच्छेद तत्काळ पुढे आला, सराईत नोकरासारखा. त्याने त्याला बाजूला सारले. मागे काही आहे का हे त्याला ठाऊक नव्हते. आठ महिन्यांपूर्वीची ती खोली, पेला, कपाळाकडे पाहणारे डोळे. “थंड,” तो म्हणाला. “वाइन थंड नव्हती, तरी थंड. पाटीवर ओला फडका फिरवल्यावर येतो ना वास, तसं. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं संपली. म्हणूनच मी... आणि मग उशिरानं, गिळून झाल्यावर, काहीतरी गोड. गोड नाही. गोड होऊन गेल्यासारखं.”

खाली दोरी चुकली. मुली भांडू लागल्या.

“हां,” मास्तर म्हणाले. “त्या दिवशी आपण उघडली ती तशीच होती. मध्ये गायब झाली होती. तू तेव्हा घाबरून माझ्याकडे पाहिलं होतंस.”

हे खरे असेल काय? परत येताना तो याच प्रश्नाशी झोंबत राहिला. नाक गेलेल्या म्हाताऱ्याच्या आठवणीला पुरावा म्हणता येत नाही. आपल्या आठवणीला तरी कशाच्या आधारे म्हणता येत होते? कदाचित मास्तरांना तिची दया आली असेल, आणि मायेने पुन्हा एकदा सही केली असेल. त्या अकरा बाटल्या अस्सल आहेत असे तो उद्या म्हणू शकणार नव्हता. तेवढा अधिकार त्याच्यापाशी आता नव्हता, कदाचित कधीच नव्हता. पण आपल्याला ठाऊक नाही, हे तर तो म्हणू शकत होता. आणि बावीस वर्षांत, त्याच्या ध्यानात आले, एवढे एकच मत त्याने कागदावर कधी लिहिले नव्हते.

सकाळी साडेदहाला तो मंडळात पोहोचला. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत स्टीलचा डबा. जिन्याशी बाकावर व्यापाऱ्याची मुलगी फाइल मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्याच्या कपाळाकडे पाहिले. तिला काही सांगावे असे त्याला वाटले, पण तिला आधी खाजगीत सांगणे म्हणजे तिच्याकडून आधी क्षमा उकळणे, असा विचार करून तो वर गेला. परीक्षणाच्या खोलीत टेबलावर बाटली कालच्यासारखीच उभी होती, बुचावर चिकटपट्टी. त्याने गुलाबी पत्रक मागून घेतले आणि उभ्यानेच लिहू लागला. मग स्वतःच्या घाईची लाज वाटून खुर्ची ओढली. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिले : ही बाटली मी बावीस वर्षांपूर्वी रिकामी केली. ती फोडल्याची नोंद खोटी आहे. बुडातला ठिपका तळघराचा नाही, माझ्या घरचा आहे. काल हिच्यातली वाइन मी अस्सल ठरवली; म्हणून या सालाच्या चवीबद्दल मी दिलेले कोणतेही मत, अपिलाखालील अकरा बाटल्यांबद्दलचे धरून, ग्राह्य मानू नये. चार वाक्ये. वाचून पाहिल्यावर त्याला दिसले की तिसऱ्या वाक्याची लय चांगली साधली आहे, म्हणून त्याने ते खोडले, पण त्याहून साधे शब्द सापडेनात तेव्हा पुन्हा तेच लिहिले.

दुरुस्तीपत्रकावर साक्षीदाराची सही लागते. रसायनवाली बाई हातमोजे काढत आत आली. तिने गुलाबी कागद पाहिला, भुवया उंचावल्या, आणि टेबलावरचे पेन उचलले.

“मत बदललं का? तुम्ही लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार,” ती म्हणाली. “कुठे करू सही? इथे?”

त्याने सहीच्या जागेवर तळहात ठेवला.

“काय झालं?”

त्याने दुसऱ्या हाताने पिशवीतून डबा काढला आणि बाटलीशेजारी पालथा ठेवला. ठिपक्याची एक कड काल बायकोच्या नखाने उडाली होती, बाकीचा शाबूत होता. खाली जिन्यात सचिवांचा आवाज ऐकू आला; ते कुणाला तरी वर बोलावत होते.

“आधी बघा,” तो म्हणाला.

तिने पेन खाली ठेवले, विजेरी घेतली आणि ती डब्यावर वाकली.